एकीच्या हाती काठी, दुसरीच्या हाती स्कूटर : एमएसची तीव्रता आणि जनुके

गेल्या मे महिन्यात, सोलापूरचा पारा ४३ अंशांच्या पुढे सरकलेला असताना, एका नातेवाइकाला घेऊन मी होटगी रस्त्यावरील एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो होतो. बाकावर दोन स्त्रिया शेजारी बसल्या होत्या. पन्नाशीच्या बाईंनी ओला नॅपकिन मानेभोवती गुंडाळला होता आणि त्यांच्या हातात स्कूटरची किल्ली होती. तिशीतल्या मुलीने आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. दोघींना आजार एकच, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे सगळे ज्याला एमएस म्हणतात तो. बोलता बोलता मुलगी म्हणाली, “ताई, तुम्हाला अठरा वर्षं झाली तरी तुम्ही गाडी चालवता. मला सातच वर्षं झाली आणि ही काठी आली. माझं काय चुकलं?”

बाईंकडे उत्तर नव्हते. मुलीच्या मोबाइलवर मात्र कोणीतरी पाठवलेला संदेश होता, ‘एमएस वाढवणारे जनुक सापडले’. संदेशामागचे संशोधन खरे आहे आणि महत्त्वाचेही आहे. परंतु त्या एका ओळीतून जो अर्थ निघतो, तो बहुतांशी चुकीचा आहे.

आधी आजार म्हणजे काय ते

मेंदू आणि मज्जारज्जू यांतून निघणारे संदेश बारीक तंतूंतून धावतात आणि त्या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा, जिने जंतूंशी लढायचे, ती एमएसमध्ये या वेष्टनावरच चाल करून जाते. मेंदूत जागोजागी सुजेचे आणि व्रणांचे डाग पडतात. कोणाची एका डोळ्याची दृष्टी अंधुक होते, कोणाचा पाय बधिर पडतो, कोणाचा तोल जातो. आजार बहुधा विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात सुरू होतो आणि स्त्रियांना पुरुषांच्या दुपटीहून अधिक होतो. बहुतेकांमध्ये तो झटक्यांच्या रूपाने येतो: काही दिवस किंवा आठवडे त्रास, मग पूर्ण किंवा अर्धवट सुधारणा.

या वेष्टनाला विजेच्या वायरवरील प्लॅस्टिकची उपमा नेहमी दिली जाते. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकरांना त्याहून नेमकी उपमा हाताशी आहे. चादरीचा किंवा टॉवेलचा ताणा मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, कारण खळ नसलेले सूत फणीत घासून पिंजारते आणि अखेर तुटते. मायलिन ही तंतूची खळ आहे. आता तीन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. खळ खरवडणारा कोणी आहे का, हा पहिला प्रश्न. खळ गेल्यावर उघडे पडलेले सूत किती ताण सोसते, म्हणजे ते मुळात किती पिळाचे आणि किती दमाचे आहे, हा दुसरा. आणि तुटलेला धागा सांधणारा कारागीर मागावर जागा आहे का, हा तिसरा. एमएसवरील संशोधनाचा भर अनेक दशके पहिल्या प्रश्नावर राहिला. तीव्रतेचे उत्तर मात्र, आता दिसते त्यानुसार, बरेचसे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात आहे.

उपमेला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. खळ एकदा दिली की दिली. मायलिन मात्र जिवंत पेशी तयार करतात आणि काही प्रमाणात पुन्हा घडवतातही. शिवाय मायलिन केवळ संरक्षण करत नाही, संदेशाचा वेगही वाढवते. जाड, वेष्टित तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो, तर वेष्टन नसलेल्या बारीक तंतूंत तो एखाद्या मीटरच्या वेगाने रेंगाळतो.

उन्हाने वाढतो तो त्रास, आजार नव्हे

मानेवरच्या त्या ओल्या नॅपकिनचा विषय येथेच संपवणे बरे, कारण सोलापुरात तीव्रतेबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज उन्हाळ्यातच होतो. वेष्टन झिजलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो अडू शकतो. मग दुपारी बाजारातून परतताना दृष्टी धूसर होते, पाय ओढल्यासारखे होतात आणि माणूस घाबरून म्हणतो की आजार वाढला. पंख्याखाली तासभर बसल्यावर, थंड पाण्याने अंग पुसल्यावर सर्व पूर्ववत होते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याचे वर्णन केले; त्यांना तो श्रमाचा परिणाम वाटला होता, उष्णतेचा हात नंतर उमगला. एमआरआय नव्हता त्या काळी संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदान करण्याची पद्धतही होती, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.

या तात्पुरत्या त्रासात नवा व्रण पडत नाही. म्हणून तीव्रता म्हणजे एखाद्या दुपारची अवस्था नव्हे, तर वर्षानुवर्षे साचत गेलेले आणि परत न फिरणारे अपंगत्व. ते मोजण्यासाठी जॉन कुर्टझ्के यांनी १९८३ मध्ये मांडलेली ० ते १० अंकांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. ० म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही. ६ म्हणजे शंभरेक मीटर चालण्यासाठी एका बाजूने काठीसारखा आधार लागतो. संशोधकांनी यात आणखी एक सुधारणा केली. पन्नाशीच्या आणि तिशीच्या रुग्णांची थेट तुलना अन्यायाची असल्याने, प्रत्येकाचा अंक त्याच वयाच्या इतर रुग्णांशी ताडून पाहिला जातो. बाकावरच्या त्या दोघींची तुलना करायचीच, तर अशी करावी लागेल.

आजार होणे आणि आजार वाढणे

एमएस कोणाला होतो, यात जनुकांचा वाटा आहे हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. जनुक म्हणजे शरीराने एखादे प्रथिन कसे बनवायचे याची पेशीत साठवलेली सूचना. आपल्या सर्वांच्या सूचना जवळपास सारख्याच असतात. लाखो ठिकाणी एखादे अक्षर इकडचे तिकडे असते, इतकेच. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए या जनुकसमूहाचा एक विशिष्ट प्रकार ज्यांच्याकडे असतो, त्यांना एमएस होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. २०१९ मध्ये ४७,४२९ रुग्ण आणि ६८,३७४ निरोगी व्यक्तींची तुलना करून धोका वाढवणारी किंवा घटवणारी २३३ ठिकाणे नोंदवली गेली. त्यांतील बहुतेक ठिकाणे रोगप्रतिकारक पेशींच्या कामाशी निगडित निघाली, म्हणजे खळ खरवडणाऱ्याशी.

तरीही जनुके एकटी आजार घडवत नाहीत. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला एमएस असेल, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चारात एक इतकीच असते. सर्व काही जनुकांवर असते, तर ती शंभर टक्के असती. एप्स्टीन-बार या विषाणूचा मोठा वाटा २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटींहून अधिक जणांच्या नोंदींतून पुढे आला. त्याची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसले. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या शरीरात कधी ना कधी शिरलेला असतो आणि एमएस होतो तो मूठभरांना.

आता कळीची गोष्ट. होण्याचा धोका वाढवणारी हीच ठिकाणे जेव्हा तीव्रतेच्या संदर्भात तपासली गेली, तेव्हा त्यांचा जवळपास काहीही संबंध दिसला नाही. एचएलएचा तो प्रकार असलेल्यांना आजार थोडा लवकर होतो. पण एकदा झाला की तो अधिक जोराने चालतो, असे आढळले नाही. रात्री कुलूप कोणी तोडले आणि आत शिरल्यावर तिजोरी किती मजबूत निघाली, हे जसे दोन वेगळे प्रश्न आहेत, तसेच हे आहे.

२०२३ मध्ये नेमके काय सापडले

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सॅन फ्रान्सिस्को केंद्र आणि केंब्रिज विद्यापीठ यांच्या पुढाकाराने ७० हून अधिक संस्था एकत्र आल्या आणि त्यांचा निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. येथे निरोगी आणि आजारी अशी तुलना नव्हती. सारेच रुग्ण होते. १२,५८४ रुग्णांच्या जनुकसंचातील ७० लाखांहून अधिक ठिकाणे तपासून, कोणते अक्षर जास्त अपंगत्व असलेल्यांत अधिक वेळा आढळते, हे पाहिले गेले.

इतक्या ठिकाणी शोध घेतला की योगायोगाने पुष्कळ काही सापडते, हा धोका समजून घेण्यासारखा आहे. ‘वीसात एक इतकी योगायोगाची शक्यता’ हा विज्ञानातला नेहमीचा निकष ७० लाख ठिकाणांना लावला, तर निव्वळ नशिबाने साडेतीन लाख ठिकाणे ‘सापडतील’. म्हणून अशा अभ्यासांत दहा कोटींत पाच इतकी कडक अट असते. ती अट एकाच ठिकाणाने पार केली, आणि ते ठिकाण दुसऱ्या गुणसूत्रावर होते. नंतर आणखी ९,८०५ रुग्णांत पडताळणी केली, तेव्हा तेथेही ते टिकले.

प्रत्येक ठिकाणच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत ते ‘जड’ अक्षर असलेल्या रुग्णांना, एकाही प्रतीत ते नसलेल्यांच्या तुलनेत, चालण्यासाठी आधार लागण्याची वेळ मध्यक हिशेबाने ३.७ वर्षे आधी आली. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या तपासणीत, हे अक्षर असलेल्यांच्या मेंदूच्या खोडात आणि बाहेरील करड्या थरात अधिक हानी दिसली. शिवाय तीव्रतेशी संबंधित जनुकीय संकेत एकत्रितपणे पाहिले, तर त्यांचा कल रोगप्रतिकारक पेशींकडे नसून मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याकडे होता. माझ्या मते या संशोधनाचे खरे वजन त्या एका अक्षरापेक्षा या कलात आहे. खळ खरवडणारा कितीही तोच असो, सूत किती दमाचे आहे यावर पुढचे ठरते, ही गोष्ट डॉक्टर अंदाजाने म्हणत आले होते. तिला प्रथमच असा जनुकीय आधार मिळाला.

‘सात रस्त्याजवळ’ म्हणजे घराचा पत्ता नव्हे

‘जनुक सापडले’ असे म्हणणे घाईचे आहे. सापडली ती खूण. सोलापुरात कोणी घराचा पत्ता ‘सात रस्त्याजवळ’ एवढाच सांगितला, तर आपण त्या भागात पोहोचतो, दारापर्यंत नाही. हे अक्षर दोन जनुकांच्या परिसरात आहे: एक डिस्फर्लिन हे प्रथिन बनवणारे, दुसरे झेडएनएफ६३८ या नावाचे. डिस्फर्लिन पेशीचे फाटलेले आवरण सांधते. दुसऱ्या जनुकाचे प्रथिन विषाणूंच्या जनुकीय सामग्रीला गप्प ठेवण्याच्या कामात असते. सांधणारा कारागीर आणि राखणदार, दोघेही संशयित म्हणून शोभतात, आणि खरे काम कोणाचे, की दोघांचे, याचा शोध पुढे चालू आहे.

डिस्फर्लिनविषयी एक इशारा. हे नाव शोधले की स्नायू झिजत जाणाऱ्या एका वेगळ्याच आजाराची माहिती समोर येते. तो आजार दोन्ही प्रती निकामी असतील तरच होतो, आणि आपल्या भागात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची रीत असल्याने अशा आजारांची भीती अनाठायी नाही. नात्यातील लग्नांत दोन्हीकडून तीच दोषी प्रत येण्याची शक्यता वाढते. परंतु एमएस त्या जातीचा आजार नाही. येथे कोणतेही जनुक निकामी झालेले नसते. शेकडो ठिकाणांच्या लहान लहान फरकांची बेरीज असते आणि तिच्यात परिस्थितीची भर पडते. ‘नात्यात दिली म्हणून पोरीला एमएस झाला’ असा ठपका घरातल्या वडीलधाऱ्यांवर ठेवण्यास या संशोधनात आधार नाही.

‘म्हणजे माझी ३.७ वर्षे गेली?’

नाही. मध्यक म्हणजे काय, ते पाहू. एका गटातील सर्वांना काठी लागण्याच्या वर्षाप्रमाणे रांगेत उभे केले, तर बरोबर मधल्या माणसाचे वर्ष म्हणजे मध्यक. दोन गटांच्या रांगांतील मधली माणसे ३.७ वर्षांच्या अंतरावर आहेत, एवढेच तो आकडा सांगतो. रांगा मात्र एकमेकींत मिसळलेल्या असतात: दोन्ही प्रती ‘जड’ असूनही कित्येक जण तीस वर्षांनी विनाआधार चालतात, आणि एकही नसलेले कित्येक जण लवकर काठी घेतात. नंतर वेगवेगळ्या गटांनी केलेल्या तपासण्यांत हा संबंध काही ठिकाणी पुन्हा दिसला, काही ठिकाणी दिसला नाही; परिणाम लहान असला की असे होते, हेही ध्यानात घ्यावे.

म्हणून रक्त देऊन हे एक अक्षर तपासून घेण्यात रुग्णाचा फायदा नाही. पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर आजही अधिक भरवशाच्या गोष्टी पाहतात: पहिल्या दोन-तीन वर्षांत किती झटके आले, प्रत्येकातून किती सावरले, मज्जारज्जूत व्रण आहेत का, एमआरआयमध्ये नवे डाग किती. आणि त्याही आधी, निदान एमएसचेच आहे ना, हे पाहतात. कारण न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा आजार एमएससारखाच भासतो आणि एमएसची काही औषधे त्यात उलट बाधतात.

‘गोऱ्यांवरचा अभ्यास आपल्याला कसा लागू पडेल?’

हा आक्षेप रास्त आहे. तपासलेले रुग्ण युरोपीय वंशाचे होते. खुणेचे अक्षर आणि खरे कारण हे पिढ्यान्‌पिढ्या सोबत चालत आलेले असतात, आणि ही सोबत प्रत्येक समाजात सारखी नसते. सात रस्ता सोलापुरात एका वस्तीकडे नेतो. त्याच नावाचा चौक दुसऱ्या शहरात भलतीकडे नेईल. सोलापुरातच मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांच्या वंशावळी वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या आहेत. त्यामुळे ३.७ हा आकडा उचलून येथे लावता येत नाही. पेशींतील यंत्रणा मात्र सर्व माणसांत एकच आहे, म्हणून ‘मेंदूची सोसण्याची ताकद’ हा धागा येथेही उपयोगी ठरण्याची अपेक्षा ठेवता येते.

भारतात हा आजार विरळ मानला जात असे. पुढे मंगळुरूतील पाहणीत लाखात आठच्या आसपास रुग्ण आढळले, तर मुंबईतील पारशी समाजात १९९० च्या सुमारास लाखात २६ हे प्रमाण नोंदवले गेले होते; एकाच देशात, एकाच समुद्रकिनाऱ्यावर, समाजागणिक इतका फरक. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने देशभरातील रुग्णांची नोंदवही आता तयार होत आहे. आपल्या माणसांसाठीचे आकडे अशाच नोंदींतून निघतील.

‘जनुकांतच असेल, तर औषधे कशाला?’

या प्रश्नामागे एक हताशा असते आणि तिला वस्तुस्थितीचा आधार नाही. १९९३ मध्ये इंटरफेरॉन आले, २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब. मधल्या आणि नंतरच्या काळात डझनभराहून अधिक औषधे उपलब्ध झाली. ती खळ खरवडणाऱ्याला आवरतात, म्हणजे झटके कमी करतात, आणि लवकर सुरू केल्यास पुढची हानीही टाळतात. त्यांचे हात तोकडे पडतात ते झटक्यांविना हळूहळू होणाऱ्या झिजेपुढे. तीव्रतेचा जनुकीय शोध महत्त्वाचा आहे तो यासाठी, की सूत टिकवणारी आणि सांधणारी औषधे कुठे शोधायची याची दिशा त्यातून मिळते. अशी औषधे हातात यायला वेळ लागेल. तोपर्यंत चालू औषध मध्येच सोडणे हा सर्वांत महागडा निर्णय आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक युक्ती वापरली होती. धूम्रपानाकडे किंवा अधिक वर्षे शिकण्याकडे किंचित कल देणारी जनुके जन्मतःच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी, वाटली जातात. या वाटणीचा आधार घेऊन कारण आणि योगायोग वेगळे करता येतात. या पद्धतीने पाहिले असता धूम्रपानाचा संबंध अधिक तीव्र आजाराशी, तर अधिक वर्षांच्या शिक्षणाचा संबंध सौम्य आजाराशी दिसला. शिक्षणाने प्रमाणपत्र मिळते म्हणून नव्हे. सतत वापरलेल्या मेंदूत पर्यायी वाटा अधिक असतात आणि एक वाट बंद पडली की दुसरी कामी येते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. शिकलेल्यांना उपचारही लवकर मिळतात, ही शंका मला येथे पुसून टाकता येत नाही. विडी-सिगारेटबाबत मात्र शंकेला जागा नाही. निदान झाल्यानंतर सोडली तरी आजाराची चाल मंदावते.

मुलांना होईल का, हे ती मुलगीही विचारत होती. युरोप-अमेरिकेतील नोंदींनुसार आई किंवा वडिलांना एमएस असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात दोन-तीनच्या घरात असते. झाला, तरी त्याची चाल आईसारखीच असेल असे मुळीच नाही.

तिला आत बोलावले गेले, तेव्हा नॅपकिनवाल्या बाईंनी पिशवीतून एक शाळकरी वही काढून दाखवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत, घराच्या दारापासून फाटकापर्यंत चालायला किती सेकंद लागतात, ते त्या लिहून ठेवत होत्या. दवाखान्यातही पंचवीस फूट चालवून असेच घड्याळ लावतात. फरक एवढाच, की तेथे वर्षातून दोनदा लावतात. सात ते नऊ सेकंदांच्या दरम्यान पेन्सिलीने भरलेली चार पाने होती. मुलीने काठी काखेत धरून ती पाने उलटली, मोबाइलने पहिल्या पानाचा फोटो घेतला आणि आत गेली.